गणवेशाच्या आतला प्रश्न

अमेरिकेतल्या हजारो हायस्कुलांमध्ये ‘ज्युनियर आरओटीसी’ हा लष्करी धर्तीचा नेतृत्व उपक्रम चालतो. १९१६च्या कायद्याने सुरू झालेला हा उपक्रम बराचसा आपल्या एनसीसीसारखा आहे. कवायत, गणवेश, नेतृत्वाचे धडे, समाजसेवा हे सगळं त्यात असतं. पुढे सैन्यात जाण्याची सक्ती मात्र नसते. शिकवायला प्रामुख्याने निवृत्त लष्करी अधिकारी आणि सैनिक असतात. त्यांच्या पगाराचा काही भार संरक्षण खातं उचलतं.

याच उपक्रमावरून २००६ साली सॅन फ्रान्सिस्कोत मोठा वाद पेटला.

लैंगिक कलावरून कुणालाही डावलायचं नाही, असा तिथल्या शालेय मंडळाचा नियम होता. सैन्यात मात्र १९९३ साली ठरलेलं ‘विचारू नका, सांगू नका’ हे धोरण लागू होतं. समलिंगी सैनिकाने स्वतःबद्दल गप्प राहायचं; ओळख उघड झाली तर नोकरी जायची. या धोरणापायी १३,०००हून अधिक जणांना सैन्यातून काढण्यात आलं. अशा संस्थेचा उपक्रम आपल्या शाळांत का चालवायचा, हा मंडळातल्या अनेकांचा सवाल होता. युद्धविरोधी भावनेचीही त्याला जोड होती. नोव्हेंबर २००६मध्ये मंडळाने ४ विरुद्ध २ मतांनी उपक्रम टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं.

सात शाळांतले सुमारे १,६०० विद्यार्थी त्यात होते. ते आणि त्यांचे पालक विरोधात उभे राहिले. समलिंगी विद्यार्थ्यांना या उपक्रमात मज्जाव नव्हता, मग शिक्षा आम्हाला का, असं त्यांचं म्हणणं होतं. २००८च्या सल्लादर्शक मतदानात सुमारे ५५ टक्के मतदारांनी उपक्रमाच्या बाजूने कौल दिला. त्याच दिवशी, त्याच शहरात, समलिंगी विवाहावर बंदी आणणाऱ्या प्रस्तावाला सुमारे ७५ टक्के मतदारांनी नकार दिला होता. उपक्रम हवा म्हणणाऱ्यांना समलिंगीद्वेष्टे ठरवणं म्हणूनच अन्यायाचं होतं. मे २००९मध्ये मंडळाने ४ विरुद्ध ३ मतांनी आपला निर्णय फिरवला.

तरीही मंडळाची मूळ हरकत खरी होती. कॅडेट म्हणून मुलाला बरोबरीची वागणूक मिळाली, तरी तोच मुलगा पुढे सैन्यात गेला तर त्याला खोटं जगावं लागणार होतं. शाळेच्या हाती तो नियम बदलणं नव्हतं. ते अमेरिकी संसदेच्या हाती होतं. २२ डिसेंबर २०१० रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामांनी धोरण रद्द करणाऱ्या कायद्यावर सही केली आणि २० सप्टेंबर २०११पासून ते संपुष्टात आलं.

नुकसान मात्र तेवढ्याने भरून निघालं नाही. सैन्यात निवृत्तिवेतनासाठी साधारणपणे वीस वर्षांची सेवा लागते आणि या उपक्रमात शिकवण्याची वाटही प्रामुख्याने निवृत्तांसाठीच होती. सेवा अर्धवट राहिलेल्यांची ती वाटही बंद झाली. मुलांना शिकवू शकले असते असे किती तरी अनुभवी सैनिक त्यामुळे शाळांना लाभलेच नाहीत.