लहान ट्रॅक्टर आणि झुडूपकापणी यंत्र : जोड कशी जमवावी

दोन-तीन पावसाळे पडीक राहिलेली जमीन पुन्हा लागवडीखाली आणावयाची, तर पहिली गाठ गवताशी आणि झुडपांशी पडते. नारळीच्या बागा, आंब्याच्या राया, शेताचे बांध, कालव्यांचे काठ, सर्वत्र हाच अनुभव येतो. कोयत्याने व कुऱ्हाडीने हे काम पूर्वापार होत आले आहे. परंतु त्यास मजूर पुष्कळ लागतात व ते वेळेवर मिळतातच असे नाही. अशा वेळी घरच्या लहान ट्रॅक्टरमागे फिरत्या पात्यांचे कापणी यंत्र जोडावे, असा विचार शेतकऱ्याच्या मनात येणे साहजिक आहे. मात्र हे यंत्र बाजारात पाहून, किंमत ठरवून, घरी आणले की काम झाले असे नव्हे. यंत्र आणि ट्रॅक्टर यांचा मेळ बसला नाही, तर कर्ज काढून घेतलेल्या ट्रॅक्टरची हानी होते आणि चालकाच्या जिवालाही धोका पोहोचतो.

यंत्राची रचना

या यंत्राची रचना साधी आहे. पोलादी छत्राखाली एक उभा दांडा असतो. त्याच्या खालच्या टोकाला आडवी पट्टी किंवा बशीसारखी तबकडी बसविलेली असते आणि तिच्या कडेला दोन किंवा अधिक जाड पाती बिजागरीप्रमाणे सैल जोडलेली असतात. वेगाने फिरू लागली की ती आपोआप बाहेरच्या बाजूस ताठ होतात. खुंट किंवा दगड आडवा आला तर ती मागे दुमडतात व पुन्हा पूर्ववत होतात. पाती कापतात ती धारेपेक्षा वेगामुळे. म्हणून वेगाचा विचार आधी केला पाहिजे.

इंजिनाची शक्ती ट्रॅक्टरच्या मागे पुरविणाऱ्या दांड्यास पी.टी.ओ. म्हणतात. त्याचा प्रचलित वेग मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला ९ फेरे असतो. यंत्राची गिअरपेटी हा वेग दीडपट करते असे धरल्यास पाती मिनिटाला ८१० फेरे घेतात. पात्यांच्या वर्तुळाचा व्यास १.२ मीटर असेल, तर त्यांच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे ५१ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १८० किलोमीटर होतो. इंजिन दमून पी.टी.ओ.चा वेग ४०० फेऱ्यांवर आला, तर पात्यांतील ऊर्जा जवळजवळ निम्म्यावर येते. कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. मग झुडूप कापले जात नाही, ते पिंजले जाते.

शक्ती आणि रुंदी

ट्रॅक्टरच्या पत्रकावर छापलेली अश्वशक्ती बहुधा इंजिनाची असते. पी.टी.ओ.पाशी तीतील सुमारे ८० ते ८५ टक्के शक्ती हाती येते. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरची चाचणी होते व तिच्या अहवालात पी.टी.ओ.ची शक्ती स्वतंत्रपणे दिलेली असते. विक्रेत्याच्या शब्दापेक्षा हा आकडा पाहावा. व्यवहारातील ठोकताळा असा की, यंत्राच्या दर फूट रुंदीस पी.टी.ओ.पाशी चार ते पाच अश्वशक्ती असावी. दाट व काष्ठमय झुडपांसाठी त्याहून अधिक. म्हणजे २४ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला पी.टी.ओ.पाशी सुमारे २० अश्वशक्ती मिळते व चार फुटी यंत्र झेपते.

पाच फुटी यंत्र घेतल्यास काम लवकर उरकेल असे वाटते. पण हिशेब करून पाहावा. १.२ मीटर रुंदीचे यंत्र ताशी ३ किलोमीटर वेगाने चालले, तर वळणे सोडून तासाला ३,६०० चौरस मीटर क्षेत्र होते. १.५ मीटरचे यंत्र ओढताना इंजिन दमून चाल ताशी २ किलोमीटरवर आणावी लागली, तर ३,००० चौरस मीटरच होते. रुंद यंत्राने काम वाढण्याऐवजी घटले. दाट झाडोऱ्यात इंजिन पूर्ण वेगावर ठेवून गिअर खालचा घ्यावा, हाच योग्य मार्ग.

वजनाचा तोल

हॅरी फर्ग्युसन या आयरिश अभियंत्याने १९२० च्या दशकात विकसित केलेल्या पद्धतीनुसार, अवजार ट्रॅक्टरला मागे तीन ठिकाणी जोडतात. ते उचलले की मागील आस तराजूच्या दांडीच्या टेकूसारखी होते आणि पुढील चाकांवरील भार कमी होतो. उदाहरणार्थ, ट्रॅक्टरचे वजन ८०० किलो, पुढील व मागील आसांतील अंतर १.५ मीटर आणि पुढील चाकांवर ३२० किलो भार आहे असे समजा. १६० किलोच्या यंत्राचा गुरुत्वमध्य मागील आसापासून १.२ मीटरवर असेल, तर पुढील भार १२८ किलोंनी घटून १९२ किलो उरतो. हा एकूण ९६० किलोंचा बरोबर पाचवा भाग आहे; आणि पुढील चाकांवर किमान एवढा भार असावा असा दंडक आहे. यंत्र २४० किलोचे व अंतर १.५ मीटर असेल, तर पुढे केवळ ८० किलो भार राहतो. मग सुकाणू फिरवूनही ट्रॅक्टर वळत नाही, आणि चढावर पुढची चाके उचलली जाऊन तो मागे उलटू शकतो. म्हणून यंत्राच्या वजनाइतकेच त्याच्या लांबीकडेही लक्ष द्यावे आणि गरजेप्रमाणे पुढे वजने बसवावीत.

जोडदांडा आणि क्लच

पी.टी.ओ.पासून यंत्रापर्यंतचा दांडा एकमेकींत सरकणाऱ्या दोन नळ्यांचा असतो. यंत्र खाली-वर होताना त्याची लांबी बदलते. ती फार झाल्यास गिअरपेटीवर धक्का बसतो, कमी पडल्यास नळ्या सुटतात. म्हणून यंत्र सावकाश पूर्ण वर व पूर्ण खाली नेऊन मोजमाप घ्यावे आणि मगच नळी कापावी. खुंटाच्या धक्क्याने गिअरपेटी फुटू नये यासाठी सहज तुटणारा बोल्ट किंवा घसरणारा क्लच असतो. बोल्ट वारंवार तुटतो म्हणून तेथे अधिक मजबूत बोल्ट घालणे म्हणजे संरक्षणच काढून टाकणे होय.

काही लहान ट्रॅक्टरांत चाके व पी.टी.ओ. यांना एकच क्लच असतो. तो दाबला तरी जड पात्यांचा जोर उलट मार्गाने चाकांपर्यंत पोहोचतो आणि ट्रॅक्टर पुढे ढकलला जातो. बांधाच्या कडेला याचा परिणाम काय होईल हे सांगावयास नको. शक्ती एकाच दिशेने जाऊ देणारा जोड पी.टी.ओ.वर बसविल्यास हा धोका टळतो.

यंत्राची मर्यादा

लहान यंत्राने गवत, गाजरगवत आणि बोटाएवढ्या जाडीची झुडपे कापावीत. वेड्या बाभळीचे मनगटाएवढे खोड कुऱ्हाडीनेच तोडावे. घाणेरी वरून कापली तरी मुळाच्या माथ्यापासून पुन्हा फुटते. तेव्हा मूळ खणून काढण्याचे काम उरतेच.

काम सुरू करण्यापूर्वी जमिनीवरून पायी फिरून दगड, तारा व खुंट पाहून घ्यावेत. उडालेला दगड दूरवर जातो, म्हणून जवळपास माणसे वा जनावरे नसावीत. फिरत्या दांड्यावरील आच्छादन कधीही काढू नये. धोतराचा सोगा किंवा साडीचा पदर त्यात गुंतला, तर सुटका करून घेण्यास सेकंदाचाही अवधी मिळत नाही. मळणी यंत्रांवर हातपाय गमावणाऱ्यांचे प्रश्न पुढे आल्यावर १९८३ मध्ये संसदेला धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा करावा लागला. तो धडा या यंत्राच्या बाबतीतही ध्यानात ठेवावा. खाली डोकावण्यापूर्वी इंजिन बंद करावे, पाती पूर्ण थांबू द्यावीत आणि यंत्र ठोकळ्यांवर टेकवावे. केवळ हायड्रॉलिकच्या भरवशावर वर धरलेल्या यंत्राखाली हात घालू नये.