पोटाचें डायलिसिस : रोग्याचें आयुष्य कशावर अवलंबून असतें ?

मनुष्याच्या कमरेच्या वर, पाठीच्या कण्याच्या दोहों बाजूंस, घेवड्याच्या दाण्याच्या आकाराचीं दोन मूत्रपिंडें असतात. प्रत्येकाची लांबी अवघी चार-पांच इंच. परंतु त्यांचें काम पाहिलें म्हणजे मन थक्क होतें. चोवीस तासांत तीं रक्तांतून सुमारें १८० लिटर द्रव गाळतात, त्यांतील जवळजवळ सर्व उपयुक्त भाग शरीरास परत देतात, आणि मळ व जास्तीचें पाणी मिळून दीड लिटरच्या आसपास मूत्र बाहेर टाकितात. हें काम बंद पडलें म्हणजे अंगावर सूज येते, अन्न नकोसें होतें, दम लागतो, आणि उपचार न झाल्यास रोगी दगावतो.

अशा रोग्यास आज तीन मार्ग मोकळे आहेत. पहिला, दुसऱ्याचें मूत्रपिंड बसविणें. योग्य रोग्यास हा मार्ग सर्वांत हितकर; परंतु दाता मिळणें कठीण. दुसरा, रक्त यंत्रांतून फिरवून शुद्ध करणें. लोकनायक जयप्रकाश नारायण यांचीं मूत्रपिंडें १९७५ सालीं निकामी झालीं. त्यानंतर १९७९ मध्यें निधन होईपर्यंत यंत्राचा त्यांना आधार होता. तिसरा मार्ग पोटाच्या डायलिसिसचा. याची माहिती आपल्याकडे फार थोड्यांना आहे, म्हणून त्याचाच विचार येथें करावयाचा आहे.

आपल्या पोटाच्या पोकळीस आंतून एक पातळ, गुळगुळीत पडदा असतो. तो उलगडून पसरला तर अंगावरील त्वचेच्या विस्ताराशी जवळजवळ बरोबरी करील. त्यांत केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचें जाळें असतें. पोटाला लहानसें छिद्र पाडून एक मऊ नळी कायमची बसवितात, आणि तिच्यांतून सुमारें दोन लिटर निर्जंतुक द्रव आंत सोडतात. या द्रवांत साखर असते. कैरीच्या फोडींस मीठ लावून ठेवलें कीं त्यांस पाणी सुटतें, हें आपण घरीं पाहतोंच. त्याच न्यायानें साखरेचा द्रव रक्तांतील जास्तीचें पाणी ओढून घेतो, आणि रक्तांतील मळही पडद्यांतून झिरपून त्यांत उतरतो. चार-सहा तासांनीं तो द्रव काढून टाकावयाचा व नवा भरावयाचा. असें दिवसांतून बहुधा चार वेळां करावें लागतें. प्रत्येक वेळीं अर्धा-पाऊण तास जातो. बाकीचा वेळ रोगी हिंडूं-फिरूं शकतो.

या उपचाराचा पहिला प्रयत्न जर्मनींत गांटर नांवाच्या वैद्यानें १९२३ सालीं केला. १९६८ मध्यें अमेरिकेंतील टेंकॉफ यांनीं दीर्घकाळ टिकणारी नळी प्रचारांत आणिली. १९७६ मध्यें तेथेंच पोपोविच व मॉन्क्रीफ यांनीं दिवसभर द्रव पोटांत ठेवण्याची पद्धत मांडली, आणि रोगी रुग्णालयांतून घरीं आला.

आपला अहमदनगर (आतां अहिल्यानगर) जिल्हा विस्तारानें महाराष्ट्रांत सर्वांत मोठा आहे. अकोल्याच्या डोंगरांतील वाडीवरील किंवा जामखेडकडील खेड्यांतील मजुरास आठवड्यांतून दोन-तीन वेळां यंत्रापर्यंत जाणें म्हणजे दर वेळीं एका दिवसाच्या मजुरीस मुकणें होय. तेव्हां घरच्या घरीं होणारा हा उपचार अशांच्या विशेष उपयोगाचा. परंतु एकच उपचार घेणारे दोन रोगी असतां एक दोन वर्षांत जातो व दुसरा दहा वर्षें संसार पाहतो, असें कां व्हावें ?

कांहीं कारणें आपल्या हातीं नसतात. वय अधिक असेल, मधुमेह असेल किंवा हृदय दुर्बळ असेल, तर आयुष्याची मर्यादा आखडते. परंतु बाकीचीं कारणें पुष्कळ अंशीं रोग्याच्या व घरच्या मंडळींच्या हातांत आहेत.

त्यांत पहिला मान उरल्यासुरल्या मूत्रपिंडांचा. तीं निकामी झालीं असें आपण म्हणतों, तरी आरंभीं त्यांत थोडी शक्ति शिल्लक असते. कॅनडा व अमेरिका येथील ६८० रोग्यांच्या पाहणीचा २००१ सालीं पुन्हां विचार झाला, तेव्हां असें दिसलें कीं रोज लघवीचें प्रमाण २५० मिलिलिटरनें अधिक असलें तर मृत्यूचा धोका ३६ टक्क्यांनीं कमी असतो. याच्या उलट, मेक्सिकोंत ९६५ रोग्यांवर प्रयोग करून कांहींना नेहमींपेक्षां अधिक द्रव दिला गेला. परंतु २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें त्यामुळें त्यांचें आयुष्य वाढलें नाहीं. यावरून बोध हाच कीं, शिल्लक असलेली लघवी ही रोग्याची ठेव समजून जपावी. अंगदुखीसाठीं दुकानांतून आणलेल्या गोळ्या या ठेवीचा नाश करितात. ऊसतोड किंवा खुरपणी करून कंबर दुखली कीं गोळी घेण्याची आपल्याकडे जी संवय आहे, ती अशा रोग्यानें कटाक्षानें सोडावी.

दुसरें कारण जंतूंचा संसर्ग. नळी जोडतांना हात अस्वच्छ असले तर जंतु थेट पोटांत शिरतात. पूर्वीं या संसर्गानेंच पुष्कळांचा हा उपचार सुटे. पुढें दोन फांट्यांची नळी आली; जोडणीच्या जागीं शिरलेले जंतु आधीं वाहून टाकावयाचे व मग नवा द्रव भरावयाचा, अशी तिची योजना. त्यामुळें संसर्ग बराच घटला, परंतु सावधगिरी सुटली नाहीं. खिडकी लावावी, पंखा बंद करावा, नाकातोंडावर पट्टी बांधावी, साबणानें हात धुऊन कोरडे करावेत. मांजर, कोंबडी, शेळी यांस त्या खोलींत थारा देऊं नये. विहिरींत पोहूं नये. दुष्काळी गांवीं पिण्याच्या पाण्याइतकीच हात धुण्याच्या स्वच्छ पाण्याचीही वेगळी सोय ठेवावी. बाहेर आलेला द्रव एरव्हीं स्वच्छ व पिवळसर असतो. तो गढूळ दिसला किंवा पोट दुखूं लागलें तर सकाळची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें, आणि ती पिशवी बरोबर न्यावी.

तिसरें कारण पाणी व मीठ. अंगांत पाणी सांचलें कीं रक्तदाब वाढतो व हृदयावर भार पडतो. या रोग्यांत पुष्कळांचा अंत हृदयविकारानेंच होतो. रोज एकाच वेळीं वजन करावें व वहींत लिहावें. लोणचें, पापड, खारवलेले पदार्थ व मिठाचा ठेचा आवरावा. मीठ कमी झालें कीं तहानही कमी होते.

चौथें कारण पोषण. निघणाऱ्या द्रवाबरोबर रोज सुमारें ५ ते १० ग्रॅम प्रथिनें वाहून जातात. म्हणजे एका अंड्याइतकीं किंवा त्याहून अधिक. पथ्याच्या नांवाखालीं रोग्यास नुसत्या पेजेवर ठेवणें ही माया नव्हे. अंडें, डाळ, दूध, मासे यांचें प्रमाण डॉक्टरांस विचारून ठरवावें व तें नियमानें द्यावें.

पांचवें कारण त्या पडद्याचेंच. वर्षानुवर्षें साखरेच्या द्रवांत राहून व वरचेवर संसर्ग होऊन तो जाड होतो आणि पाणी नीट ओढीत नाहीं. मीठ आवरलें तर तीव्र साखरेच्या पिशव्या कमी लागतात व पडदा अधिक काळ टिकतो. तो थकला कीं वेळेवर यंत्राकडे वळावें. त्यांत पराभव नाहीं.

हे सर्व नियम पाळणें खेडूतास साधेल काय, अशी शंका कोणी घेईल. उत्तर आपल्याच जिल्ह्यांत आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं १९७० सालीं जामखेड येथें काम आरंभिलें, आणि अक्षरओळखही नसलेल्या खेड्यांतील स्त्रियांस आरोग्याचें शिक्षण देऊन गांवोगांवचीं बाळंतपणें व बालकें सांभाळावयास शिकविलें. १९७९ सालीं त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तें काम या उपचाराचें नव्हतें; परंतु नीट शिकविलें तर सामान्य मनुष्याचे हात किती भरंवशाचे होतात, हें त्यावरून सिद्ध झालें. पोटाच्या डायलिसिसांतही पदवीपेक्षां शिकवणी, उजळणी व घरीं येऊन पाहणारी परिचारिका यांचें मोल अधिक.

खर्चाची अडचण मात्र खरी आहे. रोज चार याप्रमाणें महिन्यास १२० पिशव्या, म्हणजे २४० लिटर द्रव, घरीं आणावा व कोरड्या जागीं ठेवावा लागतो. केंद्र सरकारनें २०१६ सालीं डायलिसिसची राष्ट्रीय योजना काढिली व २०१९ मध्यें पोटाच्या डायलिसिसचाही तींत समावेश केला. आपणांस लाभ मिळूं शकेल कीं नाहीं याची चौकशी जिल्हा रुग्णालयांत अवश्य करावी.

विद्यार्थिमित्रांनो, घरीं असा रोगी असेल तर तुम्हांसही करण्याजोगें पुष्कळ आहे. वजनाची वही लिहिणें, पिशव्या मोजून ठेवणें, द्रव गढूळ नाहीं ना हें पाहणें, हीं कामें दहावींतील मुलगा किंवा मुलगी उत्तम करील. आणि पालकांस विनंति कीं, मधुमेह व रक्तदाब हींच मूत्रपिंडें बिघडण्याचीं मोठीं कारणें असल्यामुळें ज्यांना हे विकार आहेत त्यांनीं वर्षांतून एकदां तरी रक्त व लघवी तपासून घ्यावी. रोग वेळीं कळला तर वरील सर्व खटाटोप कित्येक वर्षें पुढें ढकलतां येतो, आणि कित्येकांस त्याची गरजही पडत नाहीं.