विश्वास आणि विवेकभाव

मागच्या व्याख्यानात आपण विश्वास म्हणजे काय ते पाहिलं. आज त्याच्या सोबत्याकडे, विवेकभावाकडे वळू. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात दोघांचा उल्लेख जोडीनं येतो. काहींनी विवेकभाव झुगारला आणि त्यांच्या विश्वासाचं तारू फुटलं, असं तिथे म्हटलं आहे. इथला क्रम आपण नीट पाहू या. आधी विवेक सुटतो, मग विश्वास बुडतो. आपल्याला मात्र भीती उलटीच वाटते: प्रश्न विचारले तर श्रद्धा जाईल!

पंडिता रमाबाईंचं उदाहरण घेऊ. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण चर्चची काही मतं त्यांना पटली नाहीत, तेव्हा ती पटल्याचं सोंग त्यांनी केलं नाही. ज्या सिस्टर जेराल्डीनना त्या 'आजीबाई' म्हणत, त्यांच्याशीही पत्रांतून वाद घातला. धर्मगुरूंच्या शब्दापुढे आपली सदसद्विवेकबुद्धी गहाण टाकायला त्या तयार नव्हत्या.

मग हा हट्ट नव्हता कशावरून? हट्टी माणूस शिकणं थांबवतो. रमाबाई पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, बायबलचं मराठी भाषांतर स्वतः केलं. १९२२ साली त्या गेल्या, तोवर ख्रिस्तावरचा त्यांचा विश्वास टिकून होता.

तेव्हा शुद्ध विवेकभाव म्हणजे 'माझं चुकतच नाही' असा भाव नव्हे. जे पटलं नाही त्याला पटलं म्हणायचं नाही आणि शोधही सोडायचा नाही, ही दोन्ही पथ्यं आपण पाळायची असतात.