१४४१६ वर फोन लावला तर पुढे काय होतं?

एखाद्या सेलिब्रिटीच्या आत्महत्येची बातमी आली की दोन दिवस सगळी टाइमलाइन एकाच सुरात बोलू लागते. 'मन मोकळं करा', 'माझा इनबॉक्स उघडा आहे', आणि खाली हेल्पलाइनच्या नंबरांची यादी. त्यातले काही नंबर कधीच बंद पडलेले असतात, तरी फॉरवर्ड होत राहतात. ज्यांना खरंच गरज असते त्यातले बरेच जण नंबर सेव्ह करतात, पण लावत नाहीत. फोन कोण उचलेल, काय विचारेल, घरी कळेल का, पोलीस तर येणार नाहीत ना, यातलं काहीच त्या पोस्टमध्ये लिहिलेलं नसतं.

पुढचं वाचण्याआधी एक गोष्ट. तुमच्या किंवा समोरच्याच्या जिवाला आत्ता, या क्षणी धोका असेल तर लेख बाजूला ठेवा. ११२ किंवा १०८ लावा, कुणालातरी सोबत बोलवा आणि जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा.

फोन कोण उचलतं?

१४४१६ हा 'टेली-मानस'चा नंबर. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, ही सेवा सुरू केली. बंगळुरूची निम्हान्स ही संस्था तिचं मुख्य केंद्र आहे. फोन मोफत आहे आणि २४ तास चालतो. हा नंबर लागला नाही तर १८००-८९१-४४१६ हा दुसरा नंबर आहे.

फोन लागल्यावर आधी भाषा निवडायला सांगतात. त्यात मराठी आहे. मग प्रशिक्षित समुपदेशक बोलतात. ते डॉक्टर नसतात. तुमचं ऐकून घेणं, त्रास किती आहे याचा अंदाज घेणं आणि आत्ता काय करता येईल ते सांगणं हे त्यांचं काम. त्रास जास्त वाटला तर फोन पुढच्या पातळीवर, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञांकडे जोडला जातो. प्रत्यक्ष भेटण्याची गरज असेल तर जवळच्या सरकारी सेवेची माहिती मिळते.

'पण मी सांगू काय?' इथेच अनेकांचं घोडं अडतं. आपल्याला वाटतं, आजाराचं नाव माहीत असायला हवं. तसं काही नाही. 'कशातच जीव रमत नाही', 'तीन आठवडे नीट झोप नाही', 'उगाच रडू येतं', 'छातीत धडधडतं आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल आलेत' एवढं पुरतं. या शेवटच्या वाक्याचे लोक आपल्याकडे फार आहेत. ईसीजी होतो, बी-१२ तपासून होतं आणि शेवटी फॅमिली डॉक्टर म्हणतात, 'टेन्शन घेऊ नका.' तेही फोनवर जसंच्या तसं सांगा. उदासी, निरुत्साह असा त्रास रोजचा झाला असेल आणि दोन आठवडे हटत नसेल, तर तो तज्ज्ञांना दाखवण्याजोगा आहे, असं साधारण धरलं जातं.

पहिला फोन जमला नाही, असंही होईल. लाइन व्यस्त असेल, समोरचा माणूस घाईत वाटेल, सूर जुळणार नाही. पुन्हा लावा. दातांचा डॉक्टर पटला नाही म्हणून कुणी दातदुखी अंगावर काढत नाही.

फोननंतर कुठे जायचं?

'ह्याला येरवड्याला पाठवा' किंवा 'ठाण्यात ॲडमिट करा' हे विनोद ऐकत आपण मोठे झालो. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, त्यातून हे आलं. त्या विनोदांनी एक पक्का गैरसमज करून ठेवला: मानसोपचार म्हणजे भरती. प्रत्यक्षात बहुतेक लोक ओपीडीत दाखवून घरी जातात आणि त्यासाठी या चार शहरांत जावंच लागतं असंही नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमामुळे तुमच्या जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्येही दाखवता येतं. मुंबईत केईएम, सायन, नायर आणि पुण्यात ससून इथे मानसोपचार विभाग आहेत. सिव्हिलला जाताना एक करा. केस पेपरच्या खिडकीवर 'मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते?' हे आधी विचारून घ्या. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत.

गर्दी मात्र असते, हे लपवण्यात अर्थ नाही. देशात एक लाख लोकांमागे पूर्ण एकही मानसोपचारतज्ज्ञ नाही, जेमतेम ०.७५ आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपासून दूर असल्याचं दिसलं होतं.

खासगीत जायचं तर पाट्या नीट वाचा. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचार शिकलेले डॉक्टर. औषध तेच लिहून देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ थेरपी देतात, औषध नाही. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि तो क्रमांक विचारण्यात काहीही गैर नाही. समुपदेशकाच्या पाटीमागे मात्र एम.ए. असू शकतं किंवा आठवड्याचा ऑनलाइन कोर्सही. इन्स्टाग्रामवरचे फॉलोअर्स ही पदवी नव्हे. शिक्षण काय, अनुभव किती, फी किती हे पहिल्या भेटीआधीच विचारा.

औषध मिळालं तर आणखी एक गोष्ट माहीत हवी. नैराश्यावरच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. आठव्या दिवशी 'काहीच फरक नाही' म्हणून आणि दोन महिन्यांनी 'आता बरं वाटतंय' म्हणून गोळी मनाने बंद करणारे खूप. दोन्ही वेळा आधी डॉक्टरांशी बोलायचं.

पोलीस, ऑफिस, विमा

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि २०१८ पासून लागू आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं हा कायदा गृहीत धरतो आणि तिला उपचार, पुनर्वसन देण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो. प्रयत्नालाच गुन्हा ठरवणारं भारतीय दंड संहितेचं जुनं ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत नाही. सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा आहे.

तुमच्या उपचारांची माहिती गोपनीय ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. कुणाच्या जिवाला धोका असेल अशा मोजक्या वेळा सोडल्या, तर ती तुमच्या बॉसला सांगता येत नाही. विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखंच संरक्षण द्यावं, असंही हा कायदा सांगतो. पॉलिसीचा कागद वाचून किंवा एजंटला विचारून त्यात ते कसं दिलंय, हे पाहून ठेवा.

आणि मित्राने तसं स्टेटस टाकलं तर?

रात्री दोन वाजता 'आता बास झालं' असं स्टेटस येतं, सकाळी डिलीट होतं. खाली हृदयाचा इमोजी टाकू नका, फोन करा. थेट विचारा: 'तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतोय का?' असं विचारल्याने विचार नसलेल्याच्या डोक्यात तो शिरतो, ही भीती निराधार आहे. उलट, कुणीतरी स्पष्ट विचारलं याने अनेकांना हायसं वाटतं. उत्तर 'हो' आलं तर 'आईबाबांचा विचार कर' हे ऐकवू नका. तो विचार त्याने हजारदा केलेला असतो.

त्याला एकटं सोडू नका. तुम्ही लांब असाल तर त्याच्या जवळच्या कुणाला तरी लगेच तिथे पाठवा. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन मागितलं तरी देऊ नका. टेली-मानसला नातेवाईक किंवा मित्रही फोन करू शकतात. तेव्हा शेजारी बसा, तुमच्याच मोबाइलवरून १४४१६ लावा, स्पीकर सुरू करा आणि पहिलं वाक्य तुम्ही बोला: 'माझ्यासोबत माझा मित्र आहे, त्याला बोलायचंय.'