कुत्र्याचा कोरडा डोळा आणि त्याचे औषध

पग, शिह् त्झू, ल्हासा ॲप्सो, कॉकर स्पॅनियल, बुलडॉग या जातींच्या कुत्र्यांत कोरड्या डोळ्याचा विकार वरचेवर आढळतो. बहुतेक वेळा शरीराची प्रतिकारयंत्रणाच अश्रुग्रंथींवर उलटते आणि अश्रूंतला पाण्याचा अंश आटत जातो. मागे उरतो तो चिकट स्राव. म्हणून डोळा कोरडा असूनही त्यात घट्ट, पिवळट-हिरवी चिपडे साचतात आणि घरच्यांना वाटते, डोळे आले आहेत. सल्फा गटातल्या काही औषधांमुळे किंवा तिसऱ्या पापणीची बाहेर आलेली ग्रंथी जागेवर न बसवता कापून टाकल्यामुळेही हा विकार जडू शकतो.

निदानाला शिर्मर चाचणी लागते. टिपकागदाची बारीक पट्टी खालच्या पापणीत मिनिटभर अडकवतात. ती १५ मिलिमीटर किंवा अधिक भिजली तर अश्रू पुरेसे, १० च्या आत भिजली तर डोळा कोरडा, आणि ५ च्याही आत भिजली तर विकार तीव्र. त्याच वेळी डोळ्यात रंग घालून बुबुळावर व्रण आहे का, हेही पाहतात. ही पायरी गाळणे महागात पडते. मागच्या वेळच्या उरलेल्या थेंबांच्या बाटलीत अनेकदा प्रतिजैविकासोबत स्टेरॉइड असते, त्याने लाली झटकन उतरते. पण व्रण असेल तर तो खोल जाऊन डोळा फुटण्यापर्यंत मजल जाते. माणसांचे लाली घालवणारे थेंब तर घालूच नयेत. कुत्र्याने ती बाटली चावून फोडली तर विषबाधा होऊ शकते.

मुख्य औषध सायक्लोस्पोरिन. ते या विकारावर चालते, हे अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठाच्या पशुवैद्यक रेने कॅसवान यांनी १९८० च्या दशकात दाखवले; माणसांच्या कोरड्या डोळ्यासाठी ते नंतर आले. कुत्र्यांचे मलम ०.२ टक्क्यांचे असते आणि साधारणपणे दर १२ तासांनी पाव इंच लावतात. माणसांसाठीचे थेंब बहुधा त्याहून सौम्य, तेव्हा परस्पर अदलाबदल नको. सायक्लोस्पोरिनने गुण आला नाही तर डॉक्टर टॅक्रोलिमस देतात. अश्रू वाढायला सहा-आठ आठवडेही लागू शकतात. तोवर कृत्रिम अश्रूंचे थेंब डोळा ओला ठेवतात, पण मूळ विकार ते हटवत नाहीत. डोळा स्वच्छ दिसू लागला की औषध बंद करण्याचा मोह होतो. बहुतेक कुत्र्यांना मात्र ते जन्मभर लागते.

औषध घालण्याआधी हात धुवावेत आणि कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने चिपडे आधी मऊ करून मग पुसावीत. सुकलेली ओढून काढू नयेत. कुत्र्याची पाठ आपल्याकडे ठेवून बसवावे, हनुवटी किंचित वर उचलावी आणि बाटली डोक्यामागून आणावी. समोरून येणारी बाटली पाहून ते मान फिरवते. टोक डोळ्याला किंवा केसांना टेकू देऊ नये, नाहीतर अख्खी बाटली दूषित होते. दोन औषधांत पाच-दहा मिनिटे जाऊ द्यावीत. आधी थेंब, शेवटी मलम. सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस हाताळताना हातमोजे घालणे बरे. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावरच लिहावी, कारण बऱ्याच थेंबांची मुदत उघडल्यावर महिनाभराचीच असते.

तपासणीच्या दिवशीही डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय औषध चुकवू नये, कारण औषध चालू असताना अश्रू किती येतात हेच पाहायचे असते. कुत्रे डोळा घट्ट मिटून धरत असेल, पंजाने चोळत असेल किंवा बुबुळावर निळसर-पांढरा डाग दिसला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.