खादी, खानदेशातील

हाताने कातलेल्या सुताचे हातमागावर विणलेले कापड म्हणजे खादी. खानदेशात (सध्याचे जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे) तापी खोऱ्यातील काळ्या जमिनीमुळे कापूस हे पूर्वापार महत्त्वाचे पीक आहे. फैजपूर (जि. जळगाव) हे गाव छापील सुती कापड आणि निळ्या व तांबड्या रंगकामासाठी प्रसिद्ध होते. एकोणिसाव्या शतकात लोहमार्ग झाल्यावर येथील कापूस मोठ्या प्रमाणावर बाहेर जाऊ लागला. पुढे जळगाव, अमळनेर व धुळे येथे गिरण्या निघाल्या. गिरण्यांच्या स्वस्त मालापुढे हातकताई मागे पडली.

खादीच्या प्रसारासाठी १९२५ मध्ये अखिल भारत चरखा संघाची स्थापना झाली. आरंभी खादी शक्य तितकी स्वस्त करण्यावर भर होता. त्यामुळे कातणाऱ्यांना, विशेषतः स्त्रियांना, फारच अल्प मजुरी मिळे. महात्मा गांधींच्या आग्रहावरून संघाने १९३५ मध्ये ठराव केला, की आठ तासांच्या कुशल कामाबद्दल अन्नवस्त्राच्या किमान गरजा भागतील एवढी मजुरी देण्यात यावी. यामुळे खादी महाग होणार, हे उघड होते. ही वाढीव किंमत ग्राहकाने समजून-उमजून द्यावी, अशी त्यामागील भूमिका होती. पुढील वर्षी, डिसेंबर १९३६ मध्ये, फैजपूर येथे पंडित जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. ग्रामीण भागातील हे पहिलेच अधिवेशन होय. नंदलाल बोस यांनी बांबू व अन्य स्थानिक साहित्य वापरून अधिवेशननगर सजविले. तेथील खादी व ग्रामोद्योग प्रदर्शनाचे उद्‌घाटन गांधींनी केले.

बाजारात हातकापडाची पारख करताना तीन प्रकार वेगळे ओळखावे लागतात. खादीत कताई व विणाई दोन्ही हातांनी होतात. हातमाग कापडात सूत बहुधा गिरणीचे असते. यंत्रमाग कापडात विणाईही यंत्रावर होते. एका विणकराला पुरेल इतके सूत कातण्यास अनेकांचे श्रम लागतात. खादीच्या अधिक किमतीचे हे प्रमुख कारण होय. दिसण्यातील साम्यामुळे फसवणूक होऊ नये, म्हणून हातमाग कापडासाठी २००६ मध्ये व खादीसाठी २०१३ मध्ये प्रमाणचिन्हांची योजना करण्यात आली.

अलीकडे झपाट्याने बदलणाऱ्या फॅशनचे स्वस्त तयार कपडे सर्वत्र मिळतात. त्यांच्या स्वस्ताईचा भार पुष्कळदा कामगारांवर पडतो. बांगलादेशातील राणा प्लाझा ही इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळून तेथील कपडे-कारखान्यांतील अकराशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. तथापि केवळ किंमत जास्त असल्याने योग्य मजुरीची हमी मिळत नाही. तसेच हातकापडाला चांगला भाव मिळाला, तरी कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्यास तो आपोआप मिळतो असे नाही. म्हणून प्रमाणचिन्ह पाहणे, कापड कोणी व कोठे तयार केले याची चौकशी करणे, मोजके कपडे घेणे आणि ते दुरुस्त करून दीर्घकाळ वापरणे, ही विवेकी खरेदीची मुख्य अंगे ठरतात.