सोबतीचा वॉर्ड

सकाळी ६.००

आमच्या वॉर्डात मुलांना उठवायला शिट्टी वाजवत नाहीत. प्रत्येकाच्या खाटेपाशी जाऊन नावाने हाक मारायची, तीही अंगाला हात न लावता. मार खातच जागं व्हायची सवय झालेली मुलं इथे आहेत; नुसता खांद्याला हात लागला तरी दोन्ही हात डोक्यावर धरून उठतात.

पुण्याबाहेरच्या या निवासी केंद्रात मी समुपदेशक आहे. या आठवड्यात माझी मुक्कामाची पाळी आहे. मुलं चौदा ते सतरा वर्षांची. कुणी गांजासाठी आलेलं, कुणी गोळ्यांसाठी, कुणी पंक्चरच्या सोल्युशनसाठी. त्याच्या जोडीला चोऱ्या, घरातून पळून जाणं, शाळेतून काढून टाकलेलं असणं. त्यांची नावं आणि गावं इथे लिहिणार नाही.

तीन दिवसांपूर्वी आलेला मुलगा रात्रभर जागा आहे. रोजचा गांजा थांबला की दोन-तीन दिवसांत चिडचिड, घाम, अस्वस्थपणा सुरू होतो, झोप उडते. पहिल्या आठवड्यात हा त्रास शिगेला जातो आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतो. हे त्याला आधी कुणी सांगितलेलं नसतं, त्यामुळे आपल्याला वेड लागलंय अशी त्याची खात्री झाली आहे. "ताई, डोकं फिरलंय माझं. घरी सोडा." मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून आजचा दिवस कितवा आणि कुठून पुढे झोप यायला लागेल ते दाखवते. तो ऐकत नाही, पण कॅलेंडरकडे बघतो. आजच्यापुरतं तेवढं झालं.

शेजारच्या खाटेवर त्याचे मामा आहेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे अल्पवयीन मुलाला दाखल करायचं तर मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवावं लागतं, आणि त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीने किंवा त्या प्रतिनिधीने नेमलेल्या माणसाने संपूर्ण मुक्कामभर सोबत राहावं लागतं. ही अट ऐकली की घरच्यांचा चेहरा पडतो. "आम्हीच राहायचं, तर मग दाखल कशाला करायचं?" मामांनी रिक्षा दुसऱ्याला चालवायला दिली आहे, रोजचं उत्पन्न निम्म्यावर आलं आहे. हा त्रास खरा आहे. तरीही संपूर्ण कायद्यातलं मला सर्वांत मोलाचं वाटणारं कलम हेच. मुलगा शेवटी ज्या घरात परत जाणार, ते घर निदान एका माणसाच्या रूपाने इथे हजर असतं.

८.००

कांदेपोहे आणि चहा. मग औषधं. सिस्टर प्रत्येकाला गोळी दिल्यावर "आ कर, जीभ वर" म्हणतात. गालात गोळी दाबून नंतर ती विकण्याची किंवा साठवण्याची हुशारी या वयातही असते.

'बटन' खाणाऱ्या, म्हणजे नायट्राझेपामच्या गोळ्या घेणाऱ्या मुलावर सिस्टरचं विशेष लक्ष आहे. या जातीच्या गोळ्या एकदम तोडल्या तर फिट येऊ शकते, म्हणून डॉक्टर मात्रा पायरीपायरीने उतरवतात. "पोराला खोलीत कोंडून ठेवलं, आपोआप सुटेल" असं मानणाऱ्या घरांना हे वेळेत कळायला हवं.

९.३०

सकाळची सभा. काल रात्री झोप कशी लागली, आज मनात काय आहे, कुणावर राग आहे. 'फक्त आजचा दिवस' हे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचं सूत्र मुलांना पटकन आवडतं, कारण जन्मभराचं वचन देण्याची ताकद पंधराव्या वर्षी कुणातच नसते. बाकी मोठ्यांचे उपचार इथे जसेच्या तसे चालत नाहीत. मोठा माणूस सांगतो की नोकरी गेली, बायको गेली, घर गेलं. या मुलांचं अजून काही उभंच राहिलेलं नाही, मग गेलं काय ते मोजणार कसं? त्यांच्याशी पुढच्या सहा महिन्यांबद्दल बोलावं लागतं. मैदानावर दम का लागतो, दहावीचं काय, ती मुलगी बोलायची का थांबली.

१०.३०

गटोपचार. दिवसातला हा तास मला सर्वांत जोखमीचा वाटतो.

बिघडलेली मुलं एकत्र आणून बसवली की ती एकमेकांना सुधारतील, हा समज फार जुना आहे. १९९९ मध्ये थॉमस डिशन, जोन मकॉर्ड आणि फ्रांस्वा पुलँ या तीन संशोधकांनी त्याविरुद्ध स्पष्ट इशारा दिला. अमेरिकेत १९३० च्या दशकाच्या अखेरीस केंब्रिज-समरव्हिल नावाचा मोठा प्रयोग सुरू झाला होता. धोक्याच्या वाटेवरच्या मुलांना वर्षानुवर्षं समुपदेशन, शिकवणी, उन्हाळी शिबिरं, सगळं मिळालं. मकॉर्ड यांनी त्यांना तीसेक वर्षांनी गाठलं, तेव्हा मदत मिळालेल्यांची अवस्था मदत न मिळालेल्यांपेक्षा बरी तर नव्हतीच, काही बाबतींत वाईट होती. ज्यांना एकाहून जास्त वेळा शिबिराला पाठवलं गेलं, त्यांचं नुकसान सर्वांत ठळक होतं. डिशन यांनी तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना मित्राशी गप्पा मारायला लावून चित्रण केलं. त्यात कोणत्या गोष्टीवर हसू येतं ते मोजलं. ज्या जोड्या नियम मोडण्याच्या गोष्टींवर हसत होत्या, त्यांतली मुलं पुढे व्यसनात आणि गुन्ह्यांत जास्त अडकली.

हा निष्कर्ष वाचल्यापासून गटात मी शब्दांइतकंच हसण्याकडे लक्ष देते. या मुलांना शाळेत कुणी हसून दाद दिली नाही, घरी दिली नाही, टोळीने दिली. तीच दाद आमच्या सतरंजीवर मिळाली, तर उपचाराच्या नावाखाली आम्ही शिकवणी वर्ग चालवला असं होईल.

म्हणून गट लहान असतो, सहा-सात मुलांचा. प्रत्येक गटात व्यसनातून बाहेर पडून काही वर्षं झालेला एक दादा असतो. माल कुठे मिळतो, किती घेतला, कसा लपवला यावर बोलायचं नाही हा पक्का नियम. आज एकाने पोलिसांना चकवून गच्चीवरून उडी मारल्याची हकीगत सुरू केली. दोघे हसायला लागले. दादाने आवाज न चढवता विचारलं, "त्या रात्री तुझ्या घरी कोण जागं होतं?" हकीगत तिथेच अडली. थोड्या वेळाने उत्तर आलं, आजी. मग आजी रात्रभर दाराशी बसून असायची, तिला दम्याचा त्रास आहे, तिच्या पंपाचे पैसे आपणच उचलले होते, हे एकेक बाहेर आलं. मघाशी हसलेल्यांपैकी एकजण म्हणाला, "माझी पण आजीच आहे."

हे रोज घडत नाही. बऱ्याच दिवशी हकीगत पूर्ण होते, हसणं होतं आणि पुढचे दोन दिवस ते निस्तरण्यात जातात.

दुपारी १२.००

शाळा. येणाऱ्या शिक्षकांपैकी एकांचं म्हणणं मला पूर्ण पटतं: यातल्या निम्म्या मुलांचं व्यसन वाचनाच्या तासाला सुरू झालं असावं. नववीपर्यंत पोहोचलेल्या मुलाला जोडाक्षरं वाचता येत नाहीत. वर्गात उभं राहून वाचायची पाळी आली की तो बाकाला लाथ मारायचा, कारण बाहेर काढलं जाणं त्याला वाचण्यापेक्षा सोपं वाटायचं. त्याच्या फायलीत शाळेचा शेरा आहे, 'उद्धट'. अध्ययन अक्षमतेची किंवा अतिचंचलतेची तपासणी इथे येईपर्यंत बहुतेकांची झालेलीच नसते. आम्ही ती करून घेतो. दहावीला बाहेरून बसायचं असेल त्याच्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरायला घेतो. तो भरताना काही मुलं कित्येक वर्षांनी स्वतःचं पूर्ण नाव लिहितात.

१.१५

जेवण. आम्ही मुलांच्याच पंगतीत बसतो. सकाळी गटात अडवलेल्या गोष्टी आमटी वाढेपर्यंत पुन्हा तोंडावर येतात.

२.३०

चौदा वर्षांच्या एका मुलाबरोबर एकट्याचं सत्र. तो गॅरेजमध्ये कामाला होता, तिथेच सोल्युशन हुंगायला लागला. एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पाहणीत एक गोष्ट वेगळी उठून दिसली होती: मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त असलेली नशा एकच, हुंगण्याची. मोठ्यांत ०.५८ टक्के, मुलांत १.१७ टक्के. स्वस्त, दुकानात उघड मिळणारी, आणि भूक मारणारी. अशा पदार्थांतल्या टोल्युइनसारख्या द्रावकांनी मेंदूला इजा होते, आणि हृदयाचा ठोका बिघडून पहिल्याच वेळीही जीव जाऊ शकतो. दारूसाठी, ब्राऊन शुगरसाठी औषधं आहेत. हुंगण्याची ओढ कमी करणारं खात्रीचं औषध नाही. माणूसच लागतो.

मी त्याला "सोड" म्हणत नाही. हुंगून काय मिळतं ते विचारते. "थंडी वाजत नाही. मालक ओरडला तरी लांबून ऐकू येतं." आणि काय वाईट होतं? "विसरायला होतं. पाने कुठे ठेवले ते आठवत नाही, मग परत ओरडतो." दोन्ही बाजू त्याच्याच तोंडून आल्या. विल्यम मिलर यांनी १९८३ पासून मांडलेल्या पद्धतीचा गाभा हाच: बदलाच्या बाजूचं वाक्य मुलाने स्वतः उच्चारायचं. माझ्या तोंडून ते आलं, तर तो विरुद्ध बाजूचं बोलायला लागेल.

४.००

मैदान, आणि मैदानावर मारामारी. कबड्डीत पाय ओढला, आईवरून शिवी आली, गच्ची धरली गेली. आम्ही दोघांना दोन दिशांना नेलं. अडवायला जेवढा हात लागतो तेवढाच लावायचा. कोंडायचं नाही, बांधायचं नाही. साखळीने बांधायला तर कायद्याने स्पष्ट बंदी आहे. देशात व्यसनमुक्ती केंद्रांत मारहाणीने माणसं दगावल्याच्या बातम्या पुन्हा पुन्हा येतात. तरीही पालक दाखल करताना सांगतात, "हात उचलायची तुम्हाला पूर्ण परवानगी आहे." हे ऐकताना मला दर वेळी तितकाच राग येतो. माराने हा मुलगा सुधारणार असता, तर तो घरीच सुधारला असता.

शिवी देणारा पाऊण तास पाण्याच्या टाकीजवळ बसला. राग उतरल्यावर शिक्षा म्हणून नव्हे, भरपाई म्हणून त्याने दुसऱ्याच्या गुडघ्याला सिस्टरकडून मलमपट्टी करून आणायची, असं ठरलं. ती त्याने केली, एक शब्दही न बोलता.

५.३०

सोबतीला राहिलेल्या घरच्यांचा गट. किशोरवयीन मुलांच्या व्यसनात ज्या उपचारांना चांगला पुरावा आहे, त्यात कुटुंबाला सामील करून घेणारे उपचार अग्रभागी आहेत. म्हणून हा तास मी कधीच चुकवत नाही.

"वाईट संगत लागली," इथून सुरुवात होते. एका वडिलांच्या खिशात आत्ताही तंबाखूची पुडी आहे. "माझं वेगळं आहे." त्यांचा मुलगा नऊ वर्षांचा असताना पुडी आणायला टपरीवर कोण जायचं, असं एका आईनेच त्यांना विचारलं. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७७ खाली मुलाच्या हाती दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, हे मी सांगितलं. त्यांनी पुडी बाहेर काढली नाही. मात्र गट संपल्यावर तंबाखू सोडायची गोळी असते का, असं हळूच विचारून गेले. असते, म्हटलं, उद्या डॉक्टरांना भेटा.

८.००

डायऱ्या आणि दिवसाचे गुण. उठणं, झाडलोट, राग आवरणं, प्रत्येकाचे गुण लगेच फळ्यावर. पुढच्या महिन्यातल्या बक्षिसाचा या वयाच्या मेंदूला उपयोग नाही. बक्षीस आजच हवं, मग ते कॅरमचा एक जादा डाव का असेना. टाकीजवळ बसलेल्याला मलमपट्टीचे गुण मिळाले. शिवीचे कापलेही.

९.१५

रात्रपाळीच्या दादाला वॉर्ड सोपवते. गांजावाला मुलगा आजही जागेल, त्याच्याशी बोलायचं, पण मामांना उठवून त्यांच्यासमोर. बटनवाल्याची मात्रा उद्यापासून आणखी उतरणार आहे, रात्री दोनदा बघायचं.

उद्या एक मुलगा घरी जातो आहे. त्याच्या काकांसाठी कागद तयार केला: डॉक्टरांची तारीख, फॉर्मची पावती, गॅरेजऐवजी कामाला कुठे जायचं तो पत्ता, परत घेतल्याचं कळलं तर मारायच्या आधी फोन कुणाला करायचा तो नंबर. खाली ठळक अक्षरात लिहिलं आहे की महिन्याच्या पहिल्या रविवारी पाठपुराव्याला काकांनी यायचंच, मुलगा यायला तयार नसला तरी.